प्लांटचं पाणी नितळ, मग खाली मासे का मरतात?

प्रश्न: गावाच्या सांडपाण्याचा छोटा प्लांट आहे, पाणी नदीत सोडतात. आउटलेटला बघितलं तर पाणी नितळ, वास नाही. पण उन्हाळ्यात एक-दोन किलोमीटर खाली पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, काही मरतात. प्लांटवाले म्हणतात रिपोर्ट ओके आहे. खरं कोणाचं?

उत्तर: दोघांचंही खरं असू शकतं, आणि म्हणूनच हा विषय नीट समजून घ्या. पाणी नितळ आहे म्हणजे गाळ टाकीत खाली बसला एवढंच, त्यात विरघळलेला अमोनिया आणि फॉस्फरस डोळ्याला दिसत नाही. अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साधारण साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि 30 अंशाच्या पाण्यात लिटरमागे ऑक्सिजन मावतोच मुळात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास! बरं हे काम बॅक्टेरिया हळूहळू करतात, पाणी तोवर पुढे वाहत गेलेलं असतं, म्हणून ऑक्सिजन सगळ्यात कमी आउटलेटला नाही तर बराच खाली होतो. ओहायो नदीवर काम करून स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोन अमेरिकी संशोधकांनी 1925 मध्ये याचं गणितच मांडलंय.

आता पहाटच का, तर फॉस्फरसवर शेवाळ माजतं, ते दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्रभर स्वतःच ओढत राहतं, त्यामुळे उजाडायच्या सुमाराला पाण्यात काही उरत नाही. शिवाय दुपारी त्याच शेवाळामुळे पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) वर जातो आणि अमोनियाचा विषारी भाग वाढतो, म्हणजे मासे दुपारी एका कारणाने त्रासतात आणि पहाटे दुसऱ्या.

रिपोर्टमध्ये बहुतेक बीओडी असतो, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना बॅक्टेरिया किती ऑक्सिजन खातात त्याचं माप, ती तीन किंवा पाच दिवसांची टेस्ट, त्यात अमोनियाचा हिशोब बऱ्याचदा धरलेलाच नसतो. आणि सॅम्पल घेतात दिवसा, आउटलेटला. मला हीच गोष्ट सगळ्यात खटकते, प्लांट नदीसाठी बांधलाय तर मोजायचं नदीत, आणि तेही ती सगळ्यात बारीक वाहते तेव्हा. ब्रिटनमध्ये सांडपाण्यासाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, 1912 मध्ये लिटरमागे बीओडी 20 मिलिग्रॅम आणि तरंगता गाळ 30 मिलिग्रॅम असा नियम सुचवला तेव्हा नदीचं स्वच्छ पाणी निदान आठपट मिसळेल हे गृहीत होतं. उन्हाळ्यात नदीत निम्मं पाणी प्लांटचंच असेल तर त्या आकड्याला काय अर्थ राहिला?

तुम्ही एक करा, आउटलेटच्या वरचे आणि खालचे दगड उचलून बघा. वर शेपटीला तीन तंतू असलेली किड्यांची पिल्लं दिसली आणि खाली नुसत्या लाल अळ्या, दगडावर राखाडी कापसासारखा चिकट थर, तर समजा की नदीवर भार पडतोय. मग वर, आउटलेटला आणि खाली अशा तीन ठिकाणी पहाटे डीओ मीटर (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) लावायला सांगा, सोबत अमोनियाची टेस्ट.

ऑपरेटरला विचारा, टाकीत हवा सोडणारे ब्लोअर रात्री बंद ठेवतात का, लाइट गेली तर काय करतात, गाळ किती दिवसांनी काढतात. अमोनिया खाणारे बॅक्टेरिया टाकीतल्या गाळातच राहतात आणि फार सावकाश वाढतात, गाळ गरजेपेक्षा जास्त काढला किंवा पावसाचं पाणी गटारातून आत घुसून टाकी धुऊन निघाली की ते जातात, आणि परत यायला आठवडे लागतात, पाणी मात्र तेवढंच नितळ दिसत राहतं. छोट्या प्लांटला पूर्णवेळ माणूस नसतो, त्यामुळे हे कळतच नाही कोणाला.

प्लांट बंद करा अशी मागणी मात्र करू नका, कच्चा मैला गेला तर नदीचे हाल याहून वाईट होतील. मागायचंच तर ब्लोअरला बॅकअप मागा, प्लांटच्या शेवटी बोरूचा किंवा पाणकणसाचा उथळ वाफा मागा, आणि उन्हाळ्याचे महिने पाणी नदीऐवजी झाडांना किंवा चाऱ्याला देता येतं का ते तपासून घ्यायला लावा.