दादरला ‘एक नंबर’ म्हणजे नेमका कोणता?

मुंबईत नवे असाल तर आधी दादर नीट समजून घ्या. ९ डिसेंबर २०२३ पूर्वी तिथे एक नंबरचे फलाट दोन होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्यचा. त्या दिवशी पश्चिमचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचे पुढे ८ ते १४ झाले. जुना १ झाला ८, पण जुना ३ झाला ९. मधला २ कुठे गेला? एक नंबर रुंद करताना तो बंद झाला. म्हणून कुणी जुन्या सवयीने ‘पाच नंबरला ये’ म्हणालं, तर ‘मध्य की पश्चिम?’ हे विचाराच. मध्यचा जुना ५ म्हणजे आताचा ११. मध्यच्या जुन्या नंबरात सरसकट सात मिळवाल तर फक्त जुन्या १ चं उत्तर, म्हणजे ८, बरोबर येईल. बाकीच्यांत त्या बदलात सहाच मिळवले गेले.

नंबर फलाटाच्या कडेला असतो, अख्ख्या फलाटाला नाही. जिना उतरल्यावर डावीकडे एक आकडा, उजवीकडे दुसरा. पाटीवरचा बाण बघूनच उभे राहा.

कल्याणला ‘१ए’ आहे, ठाण्याला ‘१०ए’. घोषणेतला तो ‘ए’ गर्दीत सहज निसटतो, इंडिकेटर वाचा.