ठोकळ्यावरून घोड्यावर चढताना

प्रश्न : मला जमिनीवरून रिकिबीत पाय घालून आरामात चढता येतं. तरी प्रशिक्षक दर वेळी ठोकळा (वर उभं राहून चढायची सुटी पायरी) घ्यायला लावतात. तो नवशिक्यांसाठीच असतो ना?

उत्तर : ठोकळा घोड्याच्या पाठीसाठी असतो, म्हणून तो कसलेल्या स्वारानेही वापरावा. जमिनीवरून चढताना तुमचं जवळजवळ सगळं वजन डाव्या रिकिबीला लटकतं. खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि मानेमागच्या उंचवट्याला उजव्या बाजूने दाबतं. हे रोज घडलं की पाठ दुखावते, खोगिराचा सांगाडा पिळवटू शकतो आणि डाव्या रिकिबीची वादी ताणून लांब होते. (दोन्ही वाद्या अधूनमधून डावी-उजवी अदलून घालाव्यात.) ठोकळ्यामुळे ही ओढ पुष्कळ कमी होते, पूर्ण जात नाही. म्हणून उजवा हात खोगिराच्या मागच्या कडेला न धरता खोगिराच्याच पुढच्या उंचवट्यावर ठेवा आणि बसताना धपकन आदळू नका.

प्रश्न : माझा घोडा ठोकळ्यापाशी शांत येतो, पण मी वर चढले की पुठ्ठा (मागचा भाग) बाहेर फिरवतो. कुणी लगाम धरला तरच चढता येतं. काय करू?

उत्तर : आधी दुखणं नाही ना, ते पाहा. ही खोड अचानक लागली असेल तर खोगीर नीट बसतंय का ते तपासून घ्या आणि पशुवैद्याला पाठ दाखवा. दुखणाऱ्या घोड्याला उभं राहायला शिकवणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच.

पाठ ठीक असेल तर चढायची घाई सोडा. काही दिवस फक्त ठोकळ्यावर उभ्या राहा, पाठीवरून हात फिरवा, खोगीर थोपटा आणि खाली उतरा. तो हलला तर ओरडू नका. एक फेरी मारून त्याला पुन्हा त्याच जागी आणा. स्थिर राहिला की लगेच शाबासकी द्या. मग रिकिबीवर थोडं वजन टाकून काढून घ्या. एवढं तो सहज सोसू लागला की मगच पाय पलीकडे टाका.

तुमच्या बुटाचं टोकही पाहा. ते बरगडीत टोचलं तर घोड्याला वाटतं, चालायचा इशारा मिळाला. टोक पुढे, घोड्याच्या खांद्याकडे वळवा. डाव्या हातात लगामाबरोबर आयाळीची बट धरा, म्हणजे तोल जाताना लगामाला हिसका बसत नाही. वर बसल्यावर लगेच निघू नका. दोन्ही पाय रिकिबीत घाला, लगाम सारखा करा, थोडं थांबा, मगच चालवा. बसल्याबरोबर निघायची सवय लागलेला घोडा पुढे-पुढे तुम्ही बसायच्या आतच निघतो.

तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) चढण्यापूर्वी तपासा आणि थोडं चालवल्यावर पुन्हा तपासा. सैल तंगाने खोगीर फिरलं, तर ठोकळ्याचा काही उपयोग नाही.

प्रश्न : उलटी बादली किंवा घरचं स्टूल चालेल का?

उत्तर : नको. बादली कलंडते आणि स्टुलाच्या पायांत घोड्याचा पाय अडकू शकतो. तळ रुंद, पायऱ्या न घसरणाऱ्या आणि बाजू बंद असलेला ठोकळा घ्या. साधारण 45 ते 60 सेंमी उंची बहुतेकांना पुरते. वर उभं राहिल्यावर रिकीब गुडघ्याच्या आसपास यायला हवी. तो सपाट जमिनीवर ठेवा. भिंत आणि घोडा यांच्यामध्ये तुम्ही सापडाल अशा कोपऱ्यात तर मुळीच नको.