टेरेसवर गोल्फच्या सरावाची मॅट स्वतः बनवायची आहे. कोपर-मनगट सांभाळलं जाईल आणि खऱ्या गवतासारखंही वाटेल, असे थर कोणते आणि किती जाडीचे घ्यावेत?

थरांकडे येतो, पण तुमच्या प्रश्नाखालचं एक वाक्य मला खटकलं. तुम्ही लिहिलंय, "सुरक्षित असणं महत्त्वाचं, गवतासारखं वाटणं थोडं कमी झालं तरी चालेल." नाही चालणार. गोल्फच्या मॅटमध्ये ही दोन कामं वेगळी नाहीतच. जी मॅट चूक लपवते, तीच मॅट कोपर खाते. हे मी स्वतःचा हात दुखवून शिकलोय, म्हणून जरा लांबण लागेल.

माझे बाबा चेंबूरच्या गोल्फ मैदानावर कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारे, होते. मी आठवीत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर बॅग उचलायला जायचो. पुढे मामाच्या हाताखाली ठक्कर बाप्पा कॉलनीत चपलांच्या कामाला लागलो आणि आजही तेच करतो. सोल, इनसोल, मधुमेहाच्या पेशंटसाठी मऊ चपला. त्यामुळे गवताखालची मातीही ओळखतो आणि शीटही.

चेंडू कुठे गेला हे सगळेच बघतात. बाबा आधी माती कुठून उडाली ते बघायचे. आयर्नचा, म्हणजे धातूच्या चपट्या तोंडाच्या काठीचा (क्लबचा), शॉट नीट बसला की क्लब आधी चेंडूला लागतो आणि मग चेंडूच्या पुढची माती घेतो. डिव्हट, म्हणजे उडालेल्या मातीचा खळगा, चेंडूच्या जागेपासून पुढे पडतो. तो मागून सुरू झालेला दिसला की बाबा काही न बोलता पुढच्या शॉटला एक नंबर लांबचा क्लब काढून ठेवायचे, कारण आज साहेबांचा हात मागे पडतोय हे त्यांना कळलेलं असायचं. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. ओल्या जमिनीत क्लब मागे पडला की चिखल तोंडावर येतो आणि चेंडू वीस पावलांवर बसतो. त्या मैदानावर कुणाला चूक समजावून सांगावी लागत नाही.

वयाच्या 31 व्या वर्षी हातात चार पैसे आले तेव्हा मी एका रेंजवर, म्हणजे चेंडू मारायच्या सरावाच्या जागी, रीतसर शिकायला गेलो. बॅग उचलणाऱ्याचा मुलगा पैसे भरून शिकतोय, याचा मला अभिमान होता आणि तो मी आजही लपवत नाही. रोज सकाळी कामाआधी दोन बास्केट चेंडू. खाली सिमेंटचा कोबा, त्यावर बोटभर जाडीचीसुद्धा नसलेली हिरवी मॅट. चेंडू छान जात होते. सातव्या नंबरच्या आयर्नने सरळ, उंच. मला वाटलं, जमलं.

तिसऱ्या महिन्यात डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ यायला लागली. आधी फक्त रेंजवर, मग चामडं कापायची रापी धरताना, मग चहाचा कप उचलताना. तिथे शिकवणाऱ्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "ग्रिप घट्ट धरतोस, स्विंग सुधार. मॅटला दोष देऊ नकोस." मी आणखी दीड महिना स्विंग सुधारत राहिलो. शेवटी डॉक्टरांनी टेनिस एल्बो सांगितला. उजव्या हाताने खेळणाऱ्या गोल्फरला तो बहुतेक वेळा डाव्या कोपराला होतो. ज्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात तो आतल्या बाजूला दुखतो, आणि तो बहुतेक वेळा उजव्या हाताला होतो. चार महिने मी चामडं कापू शकलो नाही. रोजच्या कामावर पोट असलेल्या माणसाचे चार महिने म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकता.

दुखणं सुरू व्हायच्या सुमारास बाबा एकदा रेंजवर आले होते. दहा शॉट बघितले, खाली बसले, अंगठ्याने मॅट दाबली आणि म्हणाले, "ही फरशीच आहे, वरून हिरवी केलीय. तू दहातले सहा मागून मारलेस." मी म्हटलं, "बाबा, चेंडू तर सरळ गेले." ते म्हणाले, "गेले, कारण क्लब घसरून चेंडूपर्यंत पोचला. मैदानावर मातीतच राहिला असता." मी ऐकलं नाही. सर शिकलेले होते, बाबा कॅडी होते. ही चूक मला कोपरापेक्षा जास्त दुखते.

आता यातलं कारण. आयर्न साधारण चार अंशांच्या उताराने चेंडूवर येतो. माती क्लबला थोडी आत घेते आणि वेग काही बोटांच्या अंतरात उतरवते. सिमेंटवरच्या पातळ मॅटमध्ये तो खालच्या बाजूने काही मिलिमीटरमध्येच अडतो. तोच वेग, थांबायला अंतर कमी, म्हणून धक्का जास्त, आणि तो दांड्यातून थेट मनगटात आणि कोपरात जातो. तळहातात करंगळीच्या बाजूला हॅमेट नावाचं छोटं हाड असतं. ग्रिपचं टोक डाव्या हाताच्या त्याच जागेवर टेकतं, आणि जमिनीवर जोराने आपटल्यावर त्या हाडाचा हुकासारखा पुढे आलेला भाग मोडल्याच्या केसेस गोल्फमध्ये होतात. दुसरीकडे तोच क्लब मॅटवरून उसळून चेंडूच्या खाली सरकतो आणि शॉट बरा जातो. शरीराला शिक्षा आणि डोळ्याला शाबासकी, दोन्ही एकाच फटक्यात. मग माणूस तीच चूक शंभर वेळा घोटतो.

हात बरा झाल्यावर मी स्वतः मॅट करायला घेतली. पहिली अगदीच चुकली, आणि तुम्हीही तीच करणार आहात असं तुमच्या प्रश्नावरून दिसतंय. मऊ म्हणजे सुरक्षित असं समजून मी जाड, नरम ईव्हीए (चपलेच्या सोलचा फोम) टाकला आणि त्यावर टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, सोल्यूशनने चिकटवला. झालं काय, क्लब आत रुतला आणि टर्फने त्याला धरून ठेवलं. खालून धक्का नाही, पण पुढून असा हिसका की मनगट फिरलं. शिवाय रोजच्या माराने महिनाभरात ईव्हीए दबून तिथे वाटीसारखा खळगा पडला.

तेव्हा लक्षात आलं की माती नुसती दबत नाही, ती पुढे सरकते. मॅटलाही पुढे सरकता आलं पाहिजे.

म्हणून दुसऱ्या वेळी मारायची पट्टी उभं राहायच्या जागेपासून वेगळी केली. टेरेसच्या लादीवर रबर ग्रॅन्यूलची जिम टाइल. पट्टीखाली ईव्हीएऐवजी एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर, 10 मिलिमीटरचे दोन थर. संवेदना गेलेल्या पायांसाठी आम्ही जी 15 शोअर कडकपणाची शीट चपलेत घालतो तीच ही. दाबली की दबते आणि हात काढला की परत वर येते, हा तिचा गुण. त्यावर रेक्झिन चिकटवलं, गुळगुळीत बाजू वर. आणि त्यावर टर्फची पट्टी, न चिकटवता. तिचं मागचं टोक सायकलच्या ट्यूबने खालच्या टाइलला बांधलं, पुढचं मोकळं. क्लब मागे पडला की पट्टी दोनेक बोटं पुढे सरकते आणि ट्यूब तिला परत ओढते. हाताला ते जड लागतं, चेंडू मेलेला जातो, पण कळ जात नाही. मला हेच हवं होतं. पट्टी निदान हातभर रुंद ठेवा. जोड क्लबच्या वाटेत आला तर क्लबचं पुढचं टोक अडकतं आणि मग सगळी मेहनत वाया.

उभ्या ताठ तंतूंच्या, ब्रशसारख्या मॅटही मिळतात. क्लब तंतूंमधून पार जातो, कल्पना चांगली आहे. घरी तसं काही नीट बनवता येईल असं मला वाटत नाही. टर्फच्या घर्षणाने क्लबच्या तळाला हिरवा डाग बसू शकतो. तो निघतो, घाबरू नका.

उभं राहायच्या जागेची जाडी मी सांगू शकत नाही, कारण ती तुमच्या वजनावर आहे. बूट घालून उभे राहा, टाइल दबू द्या, आणि त्या अवस्थेत पाय आणि पट्टी एका पातळीत आली पाहिजेत. पाय खाली गेले तर चेंडू पायांपेक्षा उंच होतो आणि तुम्ही नकळत उतारावरचा स्विंग शिकता. यासाठी शीटचे तुकडे खाली-वर करत मी दोन रविवार घालवले.

आणि पावडर. हे बाबांचं आहे. पट्टीवर खडूने आडवी रेघ मारा, चेंडू रेघेवर ठेवा आणि रेघेच्या मागे चार बोटं कॅरमची पावडर भुरभुरा. शॉट मारल्यावर चेंडू कुठे गेला ते बघू नका, खाली बघा. मागची पावडर पुसली गेली असेल तर क्लब मागे पडला, चेंडू नेटमध्ये कितीही सरळ गेलेला असो. माझ्यासाठी हा थर बाकी सगळ्या थरांपेक्षा मोलाचा आहे.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. कोपर आता दुखत असेल तर मॅट बनवू नका, आधी डॉक्टरकडे जा. चांगल्या मॅटवरही रोज शंभर चेंडू मारू नका. पावसाळ्यात पट्टी उचलून आत ठेवा, खाली पाणी साचून रेक्झिन सुटतं आणि सोसायटीचं वॉटरप्रूफिंगही खराब होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुंबईत टेरेसच्या खाली रस्ता असतो आणि रस्त्यावर माणसं. खरा चेंडू 45 ग्रॅमच्या आसपास असतो आणि साध्या माणसाच्या सातव्या आयर्नवरूनही ताशी दीडशे किलोमीटरच्या वर निघतो. वरून आणि तिन्ही बाजूंनी नेट नसेल तर फोमचेच चेंडू वापरा. नेट सैल टांगा, ताणलेली नेट चेंडू परत तुमच्याच अंगावर फेकते.

सरांचं म्हणाल तर स्विंग चुकत होता हे त्यांचं खरंच होतं. पण ती चूक मला दिसणार कुठून होती? ज्या मॅटवर उभं करून त्यांनी मला शिकवलं तिने सहा चुकलेले शॉट बरोबर म्हणून दाखवले, आणि दहा शॉट बघून बाबांना जे दिसलं ते सरांना साडेचार महिन्यांत दिसलं नाही. ती मॅट अजून तिथेच आहे, गेल्या दिवाळीत मी जाऊन अंगठ्याने दाबून आलो. सर, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर एका सकाळी तिच्यावर पावडर टाका आणि पोरांना दहा-दहा चेंडू मारायला लावा. पावडरचा डबा मी आणून देतो.