अर्ज पुण्यात राहूनच होतो, पण दोन वर्षं अक्षतांपासून मोजत नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नी परदेशी नागरिक, दोघं पुण्यात राहता, आळंदीला वैदिक पद्धतीने लग्न होऊन अडीच वर्षं झाली (नोंदणी करायची राहिली आहे). तर तिच्या कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे पीआरचा अर्ज इथूनच करता येईल का, की तिला मायदेशी जावं लागेल? आणि एकूण वेळ किती लागेल?

इथूनच करता येतो. पण तुम्ही जे कंसात टाकलंय, तेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. त्या कंसापायी माझ्या घरातली पावणेदोन वर्षं गेली, म्हणून एवढं लांब लिहितेय.

पीआर हा शब्द आधी डोक्यातून काढा. भारतात त्या नावाची योजना २०१६ पासून आहे, पण ती दहा कोटींच्या पुढे गुंतवणूक करणाऱ्या परदेशी माणसांसाठी. नवराबायकोच्या नात्यावर जे मिळतं ते ओसीआय कार्ड, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ मध्ये त्याची अट आहे: विवाह नोंदलेला हवा आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेला हवा. ‘नोंदलेला’ हा शब्द तिथे आधी येतो. माझ्या मामाला तो शेवटपर्यंत पटला नाही.

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले. नवरा जर्मन, चाकणला एका कारखान्यात एम्प्लॉयमेंट व्हिसावर इंजिनियर होता. २०१७ मध्ये लग्नाचं ठरलं तेव्हा मी घरी स्पष्ट सांगितलं की आधी विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे रजिस्टर लग्नाची नोटीस देऊ, तीस दिवसांनी सह्या करू आणि मग हवा तेवढा थाटमाट करू. आईबाबा तयार होते. मामा उखडला. ती नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात फलकावर लागते, येणारंजाणारं कोणीही वाचतं, हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. “आपल्या घरातल्या मुलीचं नाव फळ्यावर लागणार? पळून जाऊन लग्न करणाऱ्यांची लागतात ती. अग्नीच्या साक्षीने सात पावलं चाललीस की झालं लग्न. कागदाचं सावकाश बघू.” मामा घरातला मोठा. आजोबांच्या मागे त्यानेच सगळं सांभाळलं होतं. त्याचा शब्द मोडायचं कोणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये एरंडवण्यातल्या एका कार्यालयात लग्न झालं. लग्न सुंदर झालं, हे मी आजही म्हणेन. गुरुजींनी नवऱ्याला काश्यप गोत्र दिलं, शेजारचे काका-काकू वरमाय-वरपिता म्हणून बसले, मामाने माझा हात धरून मला बोहल्यावर आणलं. नवऱ्याने लग्नाआधी गावच्या नोंदणी कार्यालयातून विवाहयोग्यतेचा दाखला मागवून ठेवला होता. हा माणूस अविवाहित आहे आणि लग्नाला त्याच्या देशाच्या कायद्याने अडकाठी नाही, असं तो दाखला सांगतो. सहाच महिने चालतो. तो कपाटातच पडून राहिला आणि त्याची मुदत संपली.

जुलै २०१९ मध्ये कंपनीने सांगितलं की करार डिसेंबरनंतर वाढणार नाही. एम्प्लॉयमेंट व्हिसा त्या एका नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की देश सोडायचा नाहीतर व्हिसा बदलून घ्यायचा. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्यांसाठी एक्स-२ नावाचा एंट्री व्हिसा आहे आणि इथे राहूनच बदल करून मिळतो, ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या (एफआरआरओ) संकेतस्थळावर, ऑनलाइन अर्ज करून. त्याला विवाहाचा दाखला लागतो. आमच्याकडे काय होतं? अल्बम, पत्रिका आणि गुरुजींचा फोन नंबर.

ते घेऊन आम्ही महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेलो. पत्रिका, फोटो, तीन साक्षीदार, पुरोहिताची सही, सगळं जमवलं होतं. तिथल्या बाईंनी नवऱ्याचा धर्म विचारला. मी ख्रिश्चन म्हटलं. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला, आम्हाला बसायला सांगितलं आणि शांतपणे समजावलं: हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो, तुमचा विशेष विवाह कायदा, तुम्ही विवाह अधिकाऱ्याकडे जा. मी घरी येऊन वाचलं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलेलं आहे की हिंदू आणि ख्रिश्चन यांचं केवळ हिंदू पद्धतीने लागलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली वैध नाही. दीड वर्ष मंगळसूत्र घालून फिरत होते मी, आणि कायद्याच्या लेखी माझं लग्नच झालेलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. नवऱ्याला काही झालं असतं तर इस्पितळात सही करायचा हक्क तरी मला होता का, हेच डोक्यात फिरत राहिलं.

आधी झालेल्या लग्नाची नोंद विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली होते. त्यालाही तीस दिवसांची नोटीस आहेच. म्हणजे जे नाव फलकावर लागू नये म्हणून सगळा खटाटोप केला, ते लागायचं होतं तेव्हा लागलंच. जर्मनीतून नवा दाखला यायला दोन महिने गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये नोंदवहीत आमच्या सह्या झाल्या. याच कायद्याचं कलम १८ नीट वाचा. अशी नोंद झालेला विवाह ‘नोंदीच्या तारखेपासून’ या कायद्याखालचा विवाह मानला जातो. फेब्रुवारी २०१८ पासून नाही. आमच्या ओसीआय अर्जातही दोन वर्षं त्याच तारखेपासून धरली गेली.

आता हिशोब बघा. लग्नाच्या वेळीच सह्या केल्या असत्या तर फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे नोकरी संपल्यावर दोनच महिन्यांत नवरा अर्ज करायला पात्र झाला असता. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२१ उजाडला. मधला सगळा काळ तो एक्स-२ व्हिसावर, आणि त्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नसते. चाळिशीतला, हात चालवायची सवय असलेला माणूस घरात बसला. त्याने स्वयंपाक शिकून घेतला, मराठी वाचायला शिकला. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असायचं. त्यांना न्यायचं, चार तास बाहेर बाकावर बसायचं आणि परत आणायचं, हे त्याने एकही खाडा न करता केलं. लॉकडाऊनमध्ये पास दाखवत नाके ओलांडायचे, तेही त्यानेच केलं.

डिसेंबर २०२१ मध्ये मामेबहिणीचं लग्न होतं. पंगतीत, दहा माणसांसमोर मामाने विचारलं, “जावईबापू सध्या घरीच का?” नवऱ्याला मराठी कळतं हे तो विसरला असावा. नवरा हसून “हो मामा, घरीच” म्हणाला आणि ताटातलं जेवत राहिला. मी उठले. हात धुतले. मामाला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं की तो घरी बसलाय तो तुझ्या शब्दाखातर बसलाय. मामा म्हणाला, कायदा काय म्हणतो ते मला सांगू नकोस, तुमचं लग्न मी लावलंय. त्यानंतर वर्षभर आम्ही बोललो नाही.

मामा वाईट माणूस नाही. त्याला वाटत होतं की तो माझी अब्रू राखतोय. पण ती राखायची किंमत ज्याने मोजली त्याला या घरात स्वतःचं माणूस नव्हतं, या शहरात हक्काचा कागद नव्हता. अग्नीची साक्ष मला आजही पवित्र वाटते. पण आपल्यासाठी जो देश सोडून आलाय त्याच्या हातात पहिल्या दिवशी दाखला देणं हेही लग्नातलंच कर्तव्य आहे, आणि ते आपल्या बाजूच्या माणसाचं आहे. तुमच्या बाबतीत ते तुमचं. तुमच्या पत्नीला मराठीतली नोटीस वाचता येणार नाही, ती कुठे जाऊन विचारणार?

आमचा अर्ज डिसेंबर २०२१ मध्ये भरला. ओसीआयच्या संकेतस्थळावर भाग अ आणि भाग ब असे दोन भाग असतात, फोटो आणि सही अपलोड करावी लागते, भारतातून भरताना शुल्क पंधरा हजार रुपये. व्हिसाची कामं पुण्यात पोलीस आयुक्तालयाकडे असतात, पण आमच्या ओसीआयची मूळ कागदपत्रं बघायला मुंबईच्या एफआरआरओत बोलावलं होतं. ते सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे आहे. सकाळच्या डेक्कन क्वीनने गेलो आणि सीएसएमटीवरून चालत पोचलो. दोघांना एकत्र बसवून मुलाखत झाली, लग्न कसं ठरलं, घरी कोण कोण असतं, असं अर्धा-पाऊण तास. आधी घरी पोलीस पडताळणी होऊन गेली होती. जोडीदाराच्या अर्जाला सुरक्षा तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे, तिथे घाई करून उपयोग नाही. कार्ड जुलै २०२२ मध्ये आलं. म्हणजे अर्जापासून सात महिने. तुम्हाला जास्त लागतील की कमी, ते त्या तपासणीवर आहे.

कागद कोणते, याची यादी संकेतस्थळावर आहे, ती उतरवत नाही. एकच सांगते: तिच्या पासपोर्टवरचं नाव आणि विवाहाच्या दाखल्यावरचं नाव अक्षरानअक्षर जुळू द्या. हौसेने नाव बदलायचं असेल तर कार्ड हातात पडल्यावर बदला. राहत्या घराचा करार दोघांच्या नावावर, नोंदवलेला असू द्या. एजंट लावू नका. आम्हाला एकाने ‘लग्नाची मागची तारीख टाकून देतो’ असं सांगितलं होतं. आम्ही तिथूनच परत फिरलो आणि तुम्हीही फिरा, कारण खोट्या माहितीवर मिळालेलं कार्ड रद्द होतं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पत्नी सध्या टुरिस्ट व्हिसावर असेल तर ओसीआयचा अर्ज भारतातून करता येत नाही. शिवाय इथे सलग सहा महिने राहिलेली असावी लागते. तेव्हा नोंदणी, मग एक्स-२, मग दोन वर्षं पूर्ण झाल्यावर ओसीआय, या क्रमाने जा. ती स्वतः भारतीय वंशाची असेल, म्हणजे आईवडील किंवा आजीआजोबा भारतीय नागरिक असतील, तर तिला त्या नात्यावरच ओसीआय मिळू शकतं, दोन वर्षांची अट लागत नाही. ती हिंदू असेल तर आळंदीचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली बसू शकतं, तेव्हा आधी तेवढं तपासा. ती स्वतः, तिचे आईवडील, आजोबा किंवा पणजोबा कधी पाकिस्तानचे किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर हा मार्गच बंद आहे.

आणि ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही. मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. पण नोकरी करता येते, ये-जा करता येते, व्हिसाच्या तारखा मोजाव्या लागत नाहीत. घटस्फोट झाला तर जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड रद्द होऊ शकतं. दरवेळी नवा पासपोर्ट निघाला की तो अपलोड करताना लग्न टिकून असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पूर्ण नागरिकत्व हवं असेल तर भारतीयाशी विवाह आणि इथे सात वर्षांचं वास्तव्य अशी वेगळी वाट आहे. त्यासाठी मूळ नागरिकत्व सोडावं लागतं. नवऱ्याने ते ठरवलेलं नाही आणि मी त्याला विचारतही नाही.

नवरा ऑगस्ट २०२२ पासून पुन्हा नोकरीला जातो, आता हिंजवडीला. बाबा त्याच्या पहिल्या पगारापर्यंत होते. त्याने त्यांना चितळ्यांकडून आंबाबर्फी आणली होती, पथ्यामुळे त्यांनी कणभरच खाल्ली.

तुम्ही अडीच वर्षं झाली म्हणता. माझ्या हिशोबाने तुमचा अजून पहिला दिवसही झालेला नाही. तिच्या दूतावासात विवाहाला हरकत नसल्याच्या दाखल्याची चौकशी याच आठवड्यात करा. तो हातात येण्याचा अंदाज आला की विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्या. आणि घरात कोणी फलकाचं कारण काढलं तर त्यांना सांगा, तो फलक तीस दिवसांनी उतरतो.