गाण्याच्या ॲपवर गीतकाराचे नाव का दिसत नाही? कायद्याने त्याला काही हक्क आहे का?

हक्क आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे रचनेचे सारे हक्क दुसऱ्याला लिहून दिले तरी ती रचना आपली आहे असे सांगण्याचा कवीचा अधिकार अबाधित राहतो. मात्र त्याच कायद्याचे कलम ५२अ ध्वनिमुद्रिकेवर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ते आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष देण्याची सक्ती करते, गीतकाराच्या नावाची करत नाही. त्यामुळे नावासाठी भांडायचे ते गीतकारानेच, आणि तेही बहुधा गाणे लोकांपर्यंत पोहोचल्यावर.

पैशाच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी आहे. चित्रपटासाठी लिहून घेतलेल्या गीताचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माताच असतो, असा निकाल १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. २०१२ च्या दुरुस्तीने, जिचा पाठपुरावा जावेद अख्तर यांनी राज्यसभेत नेटाने केला, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा गीतकाराला करार करूनही सोडून देता येत नाही. अपवाद फक्त वारसांचा आणि कॉपीराइट सोसायटीचा (म्हणजे सदस्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था); या दोघांनाच तो वाटा लिहून देता येतो.

मी स्वतः गीते लिहितो, म्हणून सांगतो, नाव गळते ते माहिती भरताना. गाणे ॲपवर चढवण्यापूर्वी जो तक्ता भरला जातो, त्यात गायकाचे नाव कोणी विसरत नाही. गीतकाराच्या रकान्यात मात्र माझ्या एका गाण्याला चक्क संगीतकाराचे नाव पडले होते, आणि ते बदलून घेताना माझ्या नाकी नऊ आले. शिवाय ध्वनिमुद्रणाचा क्रमांक (आयएसआरसी) वेगळा आणि मूळ रचनेचा (आयएसडब्ल्यूसी) वेगळा; या दोहोंची सांगड बसली नाही, तर गाणे वाजत राहते आणि गीतकाराचा वाटा वाटेतच अडकतो. म्हणूनच नावाचा आग्रह हा निव्वळ मानापमानाचा प्रश्न आहे, असे मला वाटत नाही. २०२० साली स्वानंद किरकिरे, वरुण ग्रोव्हर, कौसर मुनीर आदी गीतकारांनी ‘क्रेडिट दे दो यार’ हे गाणेच काढून हीच तक्रार मांडली होती (गीतकारांनी मोर्चा काढायचा तर तो यमकातच निघणार!).

आपण लिहीत असाल, तर नाव कुठे आणि कसे दिले जाईल याचे कलम करारात आधीच घालून घ्या, आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचे सदस्यत्व घ्या आणि प्रत्येक गाण्याची नोंद तिथे स्वतः करा.