एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक कोण?

फ्रिट्झ पोलार्ड. जन्म १८९४, शिकागो. ब्राउन विद्यापीठाकडून तो १९१६ चा रोझ बोल हा कॉलेज फुटबॉलचा मानाचा सामना खेळला. १९२० मध्ये लीगचं पहिलंच विजेतेपद ॲक्रन प्रोजने पटकावलं, त्या संघात तो होता आणि पुढच्या वर्षी खेळता खेळताच तिथला प्रशिक्षकही झाला. उंची जेमतेम पावणेसहा फूट, पण पळण्यात वीज! गोरे खेळाडू त्याला इजा व्हावी म्हणून मुद्दाम अंगावर उड्या घ्यायचे. मग खाली पडला रे पडला की तो झटकन पाठीवर वळून सायकल चालवल्यासारखे पाय हवेत फिरवायचा. जवळ यायची कुणाची हिंमत होत नसे. १९८६ मध्ये तो गेला. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत मात्र त्याला २००५ मध्ये घेतलं. ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते. त्याच्यानंतरचा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, नेमला जायलाही १९८९ उजाडलं.