स्टुडंट लायसन्स: ‘लाइफटाइम’च्या नादी लागू नका

प्रवेश उरकले की डिप्लोमा, आर्किटेक्चर आणि फाइन आर्ट्सची मुलं एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: डिझाइनचं सॉफ्टवेअर स्वस्तात कसं मिळेल? त्यातल्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

ऑटोकॅडवर (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) विद्यार्थ्यांना किती टक्के सूट असते? (पॉलिटेक्निक, नांदेड)
टक्के कसले, फुकट मिळतं. एका वर्षासाठी, शिकत असाल तोवर दरवर्षी पडताळणी करून वाढवता येतं.

पडताळणीसाठी दोनदा कागदपत्रं पाठवली, दोन्ही वेळा नाकारली. आता? (बी.आर्क., परभणी)
कागदावर तीन गोष्टी लागतात: तुमचं नाव, संस्थेचं नाव आणि चालू शैक्षणिक वर्षातली तारीख. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आणि खातं उघडलेलं असतं घरातल्या हाकेच्या नावाने. आधी खात्यातलं नाव कागदावरच्या स्पेलिंगप्रमाणे करून घ्या. दुसरी अडचण लेटरहेडची. वर शिक्षण प्रसारक मंडळाचं नाव मोठं, खाली कॉलेजचं बारीक. अर्जात कॉलेज निवडा, मंडळ नाही. ओळखपत्रावर तारीख नसेल तर इंग्रजीतलं, तारीख आणि सही-शिक्का असलेलं बोनाफाईड किंवा यंदाच्या फीची पावती जोडा. फ्लॅश बंद करून, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढा. नकाराच्या मेलमध्ये कारण दिलेलं असतं. तिसऱ्यांदा पाठवण्याआधी ते कॉलेजच्या कार्यालयात दाखवा. आणि हे सबमिशनच्या आदल्या रात्री करू नका.

एका दुकानात दीड हजारात ‘लाइफटाइम स्टुडंट लायसन्स’ टाकून देतात. घ्यावं का? (लातूर)
नाही. जी योजना कंपनीच एक वर्षाची देते, ती दुकानदार जन्मभराची कुठून आणणार? तुम्हाला मिळतं ते दोहोंपैकी एक. पहिला प्रकार म्हणजे दुसऱ्याच्या नावाने उघडलेलं खातं, ज्याचा पासवर्ड त्याच्याकडेच राहतो. पडताळणीची मुदत आली की लॉगिन बंद. फ्यूजनसारख्या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तर फाइल्स खात्याच्या क्लाउडवरच असतात, म्हणजे खात्याबरोबर तुमचा प्रोजेक्टही गेला. दुसरा प्रकार क्रॅकचा, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेल्या चोरीच्या कॉपीचा. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगितलं की तिथेच ओळखा. त्या फाइलबरोबर लॅपटॉपमध्ये आणखी काय शिरलं ते कुणालाच सांगता येत नाही, आणि त्याच लॅपटॉपवर घरच्यांचं बँकेचं कामही चालतं. वर हे लोक व्हॉट्सअॅपवर आधार कार्ड मागतात. आधारवरून तुम्ही विद्यार्थी आहात हे सिद्धच होत नाही, मग ते हवं कशाला? जे फुकट आहे त्याचे पैसे घेऊन वर तुमची कागदपत्रंही ठेवून घेतात. असं लायसन्स घेऊन झालं असेल तर त्या खात्यातल्या फाइल्स आजच पेनड्राइव्हवर उतरवा, स्वतःच्या ईमेलने नवीन अर्ज करा आणि लॅपटॉप जाणकाराकडून तपासून घ्या.

मी खासगी क्लासमध्ये तीन महिन्यांचा कोर्स करतो. मला मिळेल? (बीड)
सहसा नाही, मान्यताप्राप्त संस्था लागते. क्लासचालक ‘मिळतं’ म्हणाले तर कंपनीच्या पात्रतेच्या पानावर खात्री केल्याशिवाय फी भरू नका.

मुलीसाठी अडोबीची स्टुडंट योजना घेतली. दुसऱ्या वर्षी हप्ता वाढला, बंद करता येईल? (पालक, जालना)
पहिल्या वर्षाचा दर सुरुवातीच्या सवलतीचा असतो, नंतर वाढतो. हे खरेदीच्या पानावर बारीक अक्षरांत असतं आणि तिथेच लोक घाई करतात. योजना वर्षाची, हप्ता फक्त महिन्याचा. चौदा दिवसांत रद्द केली तर पैसे परत. नंतर उरलेल्या रकमेच्या निम्मी आकारणी होऊ शकते. रद्द करण्याआधी त्यांच्या ग्राहक सेवेशी चॅटवर बोला आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

संध्याकाळी वाळूजच्या वर्कशॉपची ड्रॉइंग्ज करतो. स्टुडंट लायसन्स चालेल? (छत्रपती संभाजीनगर)
नाही. पैसे मिळणारं काम शिक्षणाच्या लायसन्सवर करायचं नसतं. वर्कशॉपला त्यांचं लायसन्स द्यायला सांगा, नाहीतर फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरवर काम करा. ऱ्हायनो या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरचा नियम वेगळा आहे: विद्यार्थी दरात घेतलेलं लायसन्स संपत नाही आणि व्यावसायिक कामालाही चालतं. तरी पैसे भरण्याआधी करार वाचा, अडलं तर विक्रेत्याला लेखी विचारा.

घरी केलेली रेव्हिटची (इमारतींच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर) फाइल कॉलेजात उघडत नाही. (लातूर)
घरी नवी आवृत्ती, लॅबमध्ये जुनी. नव्या रेव्हिटची फाइल जुन्यात उघडत नाही आणि जुन्या आवृत्तीत सेव्हही करता येत नाही. ऑटोडेस्कच्या (ऑटोकॅड, रेव्हिट बनवणारी कंपनी) खात्यातून मागच्या आवृत्त्याही उतरवता येतात. लॅबमध्ये कोणती आहे ते लॅब असिस्टंटला विचारून तीच टाका.